वाचनालयामागचा लाल साबण

देवराव गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या मार्केट यार्डात वजनकाट्यापाशी उभा होतो. कापसाची गाडी काट्यावर चढलेली, ड्रायव्हरची आणि हमालांची बाचाबाची चाललेली, आणि त्या गलबल्यात पुतण्याचा आवाज आला, "काका, गुरुजी गेले. पहाटेच गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात टाकला. टाकताना हाताला किल्ली लागली. आमच्या गावच्या वाचनालयाची. थोड्याच दिवसांपूर्वी गुरुजींनी ती स्वतः माझ्या हातात ठेवली होती, आणि किल्लीबरोबर एक गोष्ट सांगितली होती जी त्यांनी जन्मभर गावात कोणाला सांगितली नव्हती. माणूस गेल्याचं कळलं की वाईट वाटावं अशी रीत आहे. मला आधी राग आला. स्वतः मोकळे झाले आणि मला आत ढकलून बाहेरून कडी लावून गेले... त्या दिवशी मी हमालांवर विनाकारण इतका ओरडलो की ते वजन सोडून माझ्याकडे बघत राहिले.

शोकसभेत सगळे बोलले. गुरुजी म्हणजे त्याग, गुरुजी म्हणजे मराठीचा दिवा, असं पुष्कळ झालं. मी वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष, तरी मी बोललो नाही. लोकांना वाटलं, जुन्या भांडणाची धग अजून गेलेली नाही. ते खरं होतं. पण गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते आज मी इथे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव जैनथ मंडलात, पेनगंगेच्या अलीकडच्या काठाला. घरात मराठी, बाजारात तेलुगू, यार्डात हिंदी, आणि तहसीलच्या कागदांत अजून निजामाच्या वेळचे शब्द. त्या निजामाच्याच वेळी गावातल्या चार शहाण्या माणसांनी मराठी वाचनालय काढलं. गुरुजींचे वडील त्यांतले एक. बैलगाडीत कडब्याखाली ठेवून नदीपलीकडून पुस्तकं आणली, असं गुरुजी सांगत. नाटकं, प्रवासाच्या हकिकती, शिकारीच्या गोष्टी, घरगुती औषधांची पुस्तकं, बायकांच्या मासिकांचे वर्षवर्षाचे बांधलेले गठ्ठे. त्यांतलं बरंचसं आता कुठेच छापलं जात नाही. एक पुस्तक गेलं की ते आमच्यापुरतं जगातूनच गेलं. मराठी शाळेच्या मागे एक लांबट खोली आणि खोलीच्या मागे हातपाय धुवायची उघडी मोरी, एवढंच ते वाचनालय. पुढे शाळेतलं मराठी गेलं, तेलुगू आणि इंग्रजी आलं, पण ती खोली राहिली.

गुरुजी दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी वाचनालय उघडत. त्यांचे नियम गावाबाहेरही प्रसिद्ध होते. पुस्तक घरी न्यायचं नाही. आणि पुस्तकाला वाचणाऱ्यानं हात लावायचा नाही. टेबलाच्या एका बाजूला आपण बसायचं, दुसऱ्या बाजूला गुरुजी. पुस्तक आपल्याकडे तोंड करून उघडं. पान वाचून झालं की मान हलवायची, मग गुरुजी पान उलटायचे. दोघे-तिघे वाचणारे आले तर गुरुजी टेबलाभोवती फिरत राहायचे, एकाचं पान, मग दुसऱ्याचं. लोक थुंकी लावून पानं उलटतात, पुस्तक खराब होतं, असं कारण ते देत. गावानं ते मान्य केलं होतं. लहर म्हणून थोडं, आणि गुरुजी म्हणून बाकीचं.

मी नववीत असताना तिथे शिकारीच्या गोष्टींचं एक जाड पुस्तक वाचायला जायचो. आमचं घर विहारामागच्या वस्तीत. आई गुरुजींच्या थोरल्या भावाच्या शेतात निंदणाला आणि वेचणीला जायची. वाघ झाडाखाली आला, शिकाऱ्यानं बंदूक उचलली, आणि तिथेच पान संपायचं. मी मान हलवायचो. गुरुजींचं लक्ष दुसऱ्याच्या पुस्तकाकडे असलं तर हलवतच राहायचो. शाळेतल्या पोरांनी माझं नाव नंदी ठेवलं. "काऊन रे नंदी, आज किती मान हलवली? पाऊस पडन का नाई ते तरी सांग!" मी दोघांना त्यासाठी मारलंही, पण वाचायला जाणं सोडलं नाही. वाघाचं काय झालं ते मला कळायला हवं होतं.

एके संध्याकाळी टोपी विसरली म्हणून परत फिरलो. खोलीत कोणी नव्हतं. मागच्या खिडकीतून पाहिलं तर गुरुजी मोरीवर उकिडवे बसून हात धूत होते. लाल साबण, जाड, कपड्याचा नव्हे आणि अंगाचाही नव्हे, दवाखान्यासारख्या वासाचा. तो ते कोपरापर्यंत चोळत होते. नखांत चोळत होते. धुऊन झालं, परत साबण घेतला, परत धुतलं. त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर शेवटचा बसलेला वाचणारा मी होतो.

माझ्या आईला गुरुजींच्या भावाच्या खळ्यावर पाणी वरून ओंजळीत मिळायचं. तांब्याचा काठ आणि तिचा हात यांत चांगलं वितभर अंतर असायचं. ते अंतर मी रोज बघत होतो. तेव्हा साबणाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "तू पुस्तक वाचलं नं? मंग धुऊ दे त्याले." मी म्हणालो, मी आता जाणार नाही. ती म्हणाली, "नको जाऊ. वाघ त्याच्या घरी, तू तुह्या घरी."

गुरुजी पाटलाच्या पोरांनाही पुस्तकाला हात लावू देत नव्हते, हे मला दिसत होतं. पण नियम सगळ्यांना म्हणून लावायचा आणि मनातून एकालाच लावायचा, हे आमच्या लोकांनी दफ्तरादफ्तरांत इतकं पाहिलं आहे की त्या पुराव्यानं माझं समाधान होणार नव्हतं. मी वाचनालय सोडलं आणि पुढे शाळाही सोडली. आदिलाबादच्या यार्डात एका अडत्याकडे पोती शिवण्यापासून सुरुवात केली. कापसाची मूठ दाबून ओल किती ते सांगायला शिकलो, आणि समोरचा माणूस कोणत्या आकड्याला नरम पडेल हे त्याच्या पायांच्या चाळ्यावरून ओळखायला शिकलो. पुढे स्वतःची खरेदी, मग जैनथ रोडला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. आमच्याकडे कापसावर मारायच्या जहराला औषधच म्हणतात. हे सगळं मी कशाच्या बळावर केलं असं कोणी विचारलं तर मी मेहनतीच्या म्हणायचो. आतून मला ठाऊक होतं, त्या लाल साबणाच्या.

हातात चार पैसे आल्यावर मी वाचनालयाचं छप्पर बदलून दिलं, तेव्हा लोकांनी मला समितीवर घेतलं. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते, आणि पानं उलटणं त्यांचं पूर्णवेळ काम झालं होतं. बोटांची टोकं पांढरी पडलेली, भेगाळलेली. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नसे. दुकानदार गमतीनं म्हणायचा, "गुरुजी, तुमचा अंगठा पुस्तकातच राह्यला." गावात आता मराठी वाचणारी नवी माणसं म्हणजे नदीपलीकडून लग्न होऊन आलेल्या सुना. त्यांची पोरं तेलुगू शाळेत, नवरे शेतात, आणि वाचायला एक अक्षर नाही. दिवसभर काम करून त्यांनी संध्याकाळी गुरुजींच्या समोर जाऊन माना हलवायच्या? मी समितीच्या सभेत विषय काढला.

"गुरुजी, पुस्तकं घरी नेऊ द्या. काचेची नवी कपाटं मी देतो."

"कपाटं दे. पुस्तकं घरी जाणार नाहीत."

"मंग हा कोणता सौदा?"

"सौदा तू करून राह्यला, पुंडलिका. मी नाही."

"बरं, घरी नका देऊ. इथंच हातात तं देसान? मरेपर्यंत पानंच उलटत बसणार काय?"

"हो," ते म्हणाले. "तेच करणार."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत न काढलेलं मी सगळ्यांसमोर काढलं. "साफ बोला नं मंग. आमचा हात लागला म्हणजे बाटते काय तुमचं पुस्तक?" गुरुजींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तसंच समज," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी इरेला पेटून दुकानात एक मांडणी लावली, यवतमाळहून नवी मराठी पुस्तकं आणली आणि जाहीर केलं, ज्याला हवं त्यानं न्यावं, सही नको, काही नको. लोकांनी नेली. एका हंगामात मांडणी रिकामी झाली. काही पुस्तकं लग्नात भेट गेली, काही पावसात भिजली, एकाच्या पानांत हरभऱ्याचे पुडे मी स्वतः बाजारात पाहिले. गुरुजी ही फजिती ऐकून टाळी वाजवतील अशी माझी खात्री होती. ते कोणाला तरी इतकंच म्हणाले, "वाचली तरी असतीन दोघा-चौघायनं." मला ते जास्त झोंबलं.

आणि मग यंदाच्या वेचणीच्या सुरुवातीला सुमनकाकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, निरोप आला. बोलावलंय म्हणून. मी जाणार नव्हतो. शेवटी दुपारी गाडी घेऊन गेलो. ओसरीवर बाजेवर पडलेले होते, इतके बारीक झालेले की गोधडीखाली माणूस आहे की नाही ते कळेना.

"बस पुंडलिका. जवळ बस."

"बोला. गाडी चालू ठेवून आलो."

"तुही गाडी बंद कधी असते?" ते हसले, मग बराच वेळ खोकले. "एक विचारायचं होतं. तुले भुकटीतलं समजते?"

"कोणत्या?"

"जुन्या. पांढऱ्या. कापसावर धुरळत होते ते."

"ते तं कवाचीच बंद झाली, गुरुजी. सरकारनंच बंद केली. काऊन?"

"तिचं जहर किती वर्षं राहते?"

"मातीत म्हणसान तं लय वर्षं..." आणि मी थांबलो. "कशात?"

"कागदात," गुरुजी म्हणाले.

दारात सुमनकाकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोटल्या मीच बांधल्या होत्या. माह्या लुगड्याच्या." आणि आत निघून गेल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. मी नववीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात वाचनालयाच्या मागच्या भिंतीतून वाळवी चढली. खालची फळी तिनं पोकळ केली. गुरुजींनी शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस करील तेच केलं. बियाण्याच्या सरकीला किडा लागू नये म्हणून जी भुकटी लावायचे, उभ्या कापसावर फडक्याच्या पोटलीतून जी झटकायचे, तीच आणली. नवरा-बायकोनं सबंध सुट्टी खोलीत बसून एकेक पुस्तक उघडलं आणि पानापानावर पोटली झटकली. वाळवी मेली. शाळा उघडली, वाचनालय उघडलं, आणि पहिल्याच आठवड्यात गावचा म्हातारा कोतवाल, ज्याला बोट जिभेला लावल्याशिवाय पान उलटता येत नसे, एक सबंध नाटक वाचून उठला. घरी जाऊन ओकायला लागला, हातपाय वाकडे झाले. गाडीत घालून आदिलाबादला नेला. वाचला. आदल्या दिवशी तो लग्नात जेवला होता, तेव्हा दोष त्या पंगतीला लागला. खरं काय ते गुरुजींना लगेच कळलं. त्या दिवसापासून त्यांनी पुस्तकाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. जमेल तितकी भुकटी झटकून काढली, कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. पण कागदात मुरलेलं निघालं की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि ज्याला विचारावं त्याला सांगावं लागणार होतं.

"सांगितलं काऊन नाई पण?" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तं लोकायनं काय केलं असतं?"

"जाळली असती."

"मंग?"

"मंग जाळू द्यायची होती! माणसापरीस कागद मोठा हाये काय?"

"म्हणून तं माणसाले हात लावू देल्ला नाही," ते म्हणाले.

मी उठून उभा राहिलो होतो. परत बसलो. त्या एका वाक्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य होतं, हे मला तेव्हाही समजलं. पुस्तकं राहिली पाहिजेत आणि लोकांनी ती वाचलीही पाहिजेत, या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या, आणि दोन्हींच्या मध्ये उभं करायला त्यांच्याकडे स्वतःच्या दोन हातांशिवाय काही नव्हतं. पुस्तकं जाळली असती तर ते सुटले असते. कुलूप लावून बसले असते तरी सुटले असते. ते रोज संध्याकाळी टेबलाच्या त्या बाजूला बसले आणि जहर आपल्या बोटांवर घेत राहिले. त्यांचा आजार त्यानं होता की वयानं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर वयच म्हणाले.

पण मला माझं विचारायचं होतं. "आन् माहं काय गुरुजी? मी भर सभेत विचारलं, बाटते काय म्हणून. तुमी म्हटलं, तसंच समज."

त्यांनी गोधडी छातीवरून खाली सारली. मग म्हणाले, "तू काय समजून राह्यला ते मले आधीपासून मालूम होतं. त्या दिवशी खिडकीत पाह्यलं होतं मी तुले. टोपी घ्यायले आला होता... तुले सांगावं वाटे. पण तू तसं समजला, तुह्या मागं वस्ती तसं समजली, ते मले सोयीचं पडलं. मंग दुसरं कारण कोणी विचारलंच नाही."

सोयीचं पडलं. मी बाजारातला माणूस आहे, लोक मला फसवतात आणि मी लोकांना, त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्या रागावर मी आयुष्य उभं केलं तो राग या माणसानं आडोशासारखा वापरला होता. आईच्या ओंजळीवरचं ते अंतर खरं होतं, त्यांच्याच घरचं होतं, आणि गुरुजींनी त्याच्या मागे आपली भुकटी लपवली. त्यांनी उशाखालून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. त्यांचा हात मला पहिल्यांदाच लागला. बाभळीच्या सालीसारखा. म्हणाले, "आता काय करायचं ते तू ठरव. तू सौदा चांगला करतो." मी गाडीत जाऊन बसलो. तीच आमची शेवटची भेट.

ते गेल्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते सांगतो. किल्ली दुकानाच्या जुडग्यात अडकवली तर दिवसभर ती पहिली हाताला येई. खरं सांगावं तर गाव पुस्तकांना काडी लावणार, आणि ज्याच्या फोटोला कालच हार घातला त्याला आज शिव्या देणार. न सांगावं तर एक तर खोलीला कायमचं कुलूप, नाही तर गुरुजींसारखं टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसणं. मी जन्मभर सौदे केले. प्रत्येक सौद्यात उठून जायची एक वाट असते, त्या वाटेवरच सगळी ताकद असते. इथे उठून जायला वाट नव्हती. आणि ज्याच्याशी भांडायचं तो वर निघून गेलेला.

मग एक दिवस वैशाली दुकानात आली. माझ्या चुलतभावाची सून, पांढरकवड्याकडची, गावात आशा वर्कर आहे. म्हणाली, "मामाजी, वाचनालय कवा उघडता? गुरुजी आजारी पडले तवापासून माही गोष्ट अर्धीच राह्यली. ते बाई अजून विहिरीपाशीच उभी हाये." मला वाघ आठवला. मी गेलो, खोली उघडली, मासिकाचा तो गठ्ठा काढला आणि गुरुजींच्या खुर्चीवर बसलो. ती वाचून मान हलवी, मी पान उलटी. दुसरं काही करता येत नव्हतं. बाहेर माझी गाडी खोळंबलेली, फोन वाजून राहिलेला, आणि मी एका बाईच्या माना मोजत बसलेलो.

ती निघाली असं वाटल्यावर मी मागे मोरीवर गेलो. गुरुजींचा लाल साबण तिथेच दगडावर होता, झिजून खपलीएवढा राहिलेला. कोपरापर्यंत चोळला. नखांत चोळला. आणि वर पाहिलं तर वैशाली खिडकीत उभी. मी तिथे कधी उभा होतो ते मला सांगायला नको. ती आमच्याच वस्तीतली, आमच्याच नात्यातली. पण ती सारवलेल्या भिंतींच्या घरात राहते आणि मी दुमजली घरात राहतो.

ती म्हणाली, "मामाजी... तुमीही?"

मी तिथेच, ओल्या हातांनी, सगळं सांगितलं. भुकटी, कोतवाल, गुरुजी, सगळं. सांगताना कोणावर तरी ओरडत होतो, कोणावर ते मला माहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकंच व्हय? मंग हातमोजे घालू नं. माह्यापाशी दवाखान्याचे हायेत, पातळ. उद्या आणतो."

माझ्या दुकानात फवारणीचे जाड हातमोजे वर्षानुवर्षं टांगलेले आहेत, एकही कास्तकार घेत नाही. ते माझ्या डोक्यात आले नाहीत. गुरुजींच्याही आले नाहीत, कारण हातमोजे घातले असते तर लोकांनी विचारलं असतं, कशाला? सगळं त्या एका प्रश्नापाशी अडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मोजे घातले, नाकाला फडकं बांधलं आणि आपलं पान आपण उलटलं. वाचून झाल्यावर मी तांब्यानं तिच्या हातावर पाणी घातलं, मग तिनं माझ्या. तांब्या तिनं माझ्या हाताला टेकवूनच धरला होता.

त्यानंतर मी समितीला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे झालं. एक म्हणाला जाळा, एक म्हणाला कलेक्टरला दरखास्त द्या, एक म्हणाला गुरुजींचा फोटो उतरवा. फोटोला हात लावणाऱ्याचा हात मी धरला. "माहं भांडण हाये त्याच्याशी," मी म्हणालो, "तुमचं नाई." हैदराबादहून जुन्या पुस्तकांची जपणूक करणारा एक माणूस बोलावला. त्यानं वास घेऊन, पानं बघून सांगितलं, जाळू तर मुळीच नका, धूर वाईट. सगळं पेटीत बंद करून आम्ही नेतो, थंड खोलीत ठेवतो. मी विचारलं, "और पढ़नेवाले?" तो म्हणाला, "फोटो भेज देंगे." मी विचारलं, "कब?" तो छताकडे बघायला लागला. तिथेच मला कळलं की हे यार्डातल्या पाय चाळवणाऱ्यासारखंच गिऱ्हाईक आहे, रेटलं तर नरम पडेल. पुस्तकं त्याच्याकडे शंभर वर्षं सुरक्षित राहतील, आणि विहिरीपाशी उभी असलेली ती बाई तिथेच उभी राहील. आमच्या गावची कुठली सून हैदराबादला थंड खोलीत जाणार आहे? दोन दिवस घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं: मशीन इथे येईल, फोटो इथे काढतील, छापील नकला घरोघर जातील आणि फाटल्या तर फाटोत. मूळ पुस्तकं इथेच, मऊ कुंचल्यानं साफ करून, काचेच्या कपाटात. ज्याला मूळ बघायचं त्यानं मोजे घालून, फडकं बांधून, इथे बसून बघावं. लहान पोरांना नाही. मशीन अजून आलेलं नाही. फोन रोज करतो.

तेव्हा वाचकहो, हे आता गुपित राहिलेलं नाही. गुरुजींनी ज्यासाठी जन्म घालवला ते मी एका लेखात उघडं केलं. याचा त्यांना राग आला असता की हायसं वाटलं असतं, माहीत नाही. मी त्यांना माफ केलं का, असं सुमनकाकूंनी परवा विचारलं. मी म्हणालो, पुस्तकाबद्दल केलं. बाकीचं बघू. त्यांनी पदराआडून नव्या लाल साबणाची वडी काढून माझ्या हातात दिली.

ती मी मागच्या मोरीवर ठेवली नाही. खोलीच्या पुढच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा नळ घेतला, त्याच्याशी साबण ठेवला आणि वर पाटी लिहायला आदिलाबादचा पेंटर बोलावला. मी मजकूर सांगितला: वाचून झाल्यावर सगळ्यांनी हात धुवा. पेंटर म्हणाला, "सेठ, 'हात धुवा' बस झालं की. 'सगळ्यांनी' कशाला? जागा उगाच जाते."

"जाऊ दे जागा," मी म्हणालो. "तो शब्द सगळ्यात मोठा काढ."